सभागृहाच्या भिंती आणि आपली मराठी

गणेशोत्सवाचे दिवस आले की आपल्या बेटावरील मराठी मंडळांची सभागृहे माणसांनी भरून जातात. आरती होते, भजन होते, मुलांची नाटुकली होतात आणि शेवटी भाषणे होतात. अशाच एका कार्यक्रमास आम्ही हजर होतो. वक्ते भारतातून आलेले होते व त्यांची भाषा शुद्ध आणि ओघवती होती. परंतु तिसऱ्या रांगेच्या मागे त्यांचा एक शब्दही धड पोहोचत नव्हता. आवाज भरपूर होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. आमच्या शेजारी बसलेल्या आजींनी नातवाला विचारले, "काय म्हणाले रे ते?" नातवाने नुसते खांदे उडवले. एका उत्साही कार्यकर्त्याने उठून लाउडस्पीकरचा आवाज वाढवला, तेव्हा गोंगाट तेवढा वाढला.

कार्यक्रम संपल्यावर जो तो हळहळत होता की आजच्या मुलांना मराठी कळत नाही. हे दुःख खरे आहे. पण त्या दिवशी तर ज्यांना मराठी चांगले येते त्यांनाही काही कळले नव्हते. मग दोष एकट्या मुलांना कसा द्यायचा? आमच्या मते त्या दिवशीचा पहिला दोष भिंतींचा होता, आणि तो दोष दूर करण्याचे शास्त्र आपल्या तरुणांना शिकता येण्यासारखे आहे.

सव्वाशे वर्षांपूर्वी हीच अडचण अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठात उभी राहिली होती. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयात नवे व्याख्यानगृह बांधले गेले. ते दिसायला देखणे होते, पण त्यात प्राध्यापकांचे बोलणे विद्यार्थ्यांना समजेना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकास हे कोडे सोडवण्यास सांगितले. सॅबिन यांच्याकडे ना डॉक्टरेट होती, ना मोठी यंत्रे. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान एवढ्यावर त्यांनी काम सुरू केले.

दिवसा रस्त्यावरचा आवाज आड येई, म्हणून ते मध्यरात्रीनंतर काम करीत. नळी वाजवून थांबवायची आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे. त्या रिकाम्या खोलीत आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे. यालाच शास्त्रात निनाद म्हणतात. मग विद्यापीठाच्याच सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून त्यांनी खोलीत मांडल्या. जसजशा गाद्या वाढल्या तसतसा निनाद कमी होत गेला आणि शेवटी सव्वा सेकंदाच्याही आत आला. सकाळ होण्यापूर्वी त्या गाद्या नाट्यगृहात परत नेऊन ठेवाव्या लागत. स्वतःच्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर ते प्रयोगाच्या वेळी दररोज तेच कपडे घालू लागले. शास्त्रज्ञाचा काटेकोरपणा असा असतो.

या रात्रींच्या मेहनतीतून १८९८ साली एक साधा नियम हाती आला. खोलीचे घनफळ जितके मोठे तितका निनाद अधिक, आणि आवाज शोषणारे पृष्ठ जितके जास्त तितका निनाद कमी. याच नियमाच्या आधाराने बॉस्टन शहराच्या सिंफनी हॉलचे आराखडे सुधारण्यात आले. १९०० साली उघडलेला तो हॉल आजही जगातील उत्तम संगीतगृहांत गणला जातो. १९२९ साली अमेरिकेत ध्वनिशास्त्रज्ञांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पुढे तेथील विद्यापीठांत ध्वनीचे प्राथमिक शास्त्र केवळ पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाच नव्हे, तर संगीत, वास्तुकला आणि साहित्य शिकणाऱ्यांनाही शिकवले जाऊ लागले. टॉमस रॉसिंग या प्राध्यापकांचे १९८२ साली निघालेले पाठ्यपुस्तक अशाच विद्यार्थ्यांसाठी होते. या अभ्यासक्रमांत शिक्षक आधी टाळी वाजवून दाखवतो, तार छेडतो, नळी फुंकतो, आणि समीकरण मागाहून फळ्यावर येते. ही पद्धत आपण उचलण्याजोगी आहे.

सॅबिन यांचा नियम आपल्या सभागृहाला लावून पाहा. १९६०च्या कॅरोल चक्रीवादळाने घरे उद्ध्वस्त केल्यावर बेटावर काँक्रीटची बांधकामे वाढली, आणि ते योग्यच होते. वादळाला काँक्रीट दाद देत नाही, पण ते आवाजही गिळत नाही. वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि चार मीटर उंच असा हॉल धरा. त्याचे घनफळ ९६० घनमीटर होते. भिंती, छत आणि फरशी मिळून ७३६ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. गिलावा आणि फरशी त्यांवर पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे सारा हॉल मिळून बावीस चौरस मीटर उघड्या खिडकीइतकेच काम करतो. सॅबिन यांनी शोषणाचे माप उघडी खिडकीच धरले होते, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आता ९६० ला ०.१६१ ने गुणून २२ ने भागा. उत्तर येते सात सेकंद!

वक्ता एका सेकंदात चार-पाच अक्षरे उच्चारतो. सात सेकंदांत तीस-पस्तीस अक्षरे एकमेकांच्या अंगावर पडतात. त्यात मोठे स्वर टिकून राहतात आणि बारीक व्यंजने बुडून जातात. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांतला फरक तर सर्वांत आधी नाहीसा होतो. जे मूल आठवडाभर क्रेओल आणि फ्रेंच ऐकते, त्याच्या कानावर ण आणि ळ पडण्याची ठिकाणे मोजकीच. त्यांपैकी एक हे सभागृह. तिथेही ते अक्षर भिंतीत हरवत असेल तर त्याच्या जिभेवर ते यावे कुठून? निनादाचा प्रश्न आम्हाला भाषेचा प्रश्न वाटतो तो यासाठी.

उपाय महागडे नाहीत. याच हॉलमध्ये शंभर माणसे बसली की प्रत्येक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो आणि निनाद सव्वादोन सेकंदांच्या आसपास येतो. दारे-खिडक्यांची चाळीस चौरस मीटर जागा उघडली तर तो दीड सेकंदाच्याही खाली उतरतो. भाषणाला एक सेकंदाच्या आसपास निनाद चांगला. उरलेले काम मागच्या भिंतीवरील जाड, चुण्यांचे पडदे आणि जमिनीवरच्या सतरंज्या करतील. व्यासपीठावर एकच मोठा लाउडस्पीकर ठेवण्यापेक्षा श्रोत्यांजवळ लहान लहान स्पीकर ठेवावेत आणि त्यांची तोंडे माणसांकडे वळवावीत. आवाज वाढवला की निनादही त्याच प्रमाणात वाढतो, त्यामुळे गोंधळ तसाच राहतो.

हे शास्त्र शिकवण्याचे साहित्यही आपल्या घरातच आहे. तबल्यावरची काळी शाई नुसती शोभेसाठी नसते. साध्या चामड्याच्या पडद्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. शाईच्या थरांनी मध्यभाग जड झाला की ते दुप्पट, तिप्पट अशा सुरेल प्रमाणात येतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली जगापुढे मांडले. नोबेल पारितोषिक त्यांना त्यानंतर दहा वर्षांनी, प्रकाशावरील कामासाठी मिळाले. आणि आपले शेजारी सेगा वाजवण्यापूर्वी रावान शेकोटीजवळ धरतात तेव्हा काय करतात? उबेने चामड्यातील ओल जाते, ते ताणले जाते आणि सूर चढतो. भजनी मंडळातला मुलगा आणि सेगा वाजवणारा मुलगा एकाच बाकावर बसून हा धडा शिकू शकतात.

म्हणून आमची सूचना अशी. रेदुईच्या विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तबला-गायन शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एकत्र यावे. पुढील गणेशोत्सवापूर्वी एकेका मराठी सभागृहात जाऊन, दारे लावून, एक जोरदार टाळी वाजवावी आणि मोबाइल फोनवर निनाद मोजावा. मग माणसे बसवून, खिडक्या उघडून, सतरंज्या टाकून पुन्हा मोजावे. मंडळांच्या चालकांनी त्यांना किल्ली द्यावी, आणि हाती आलेले आकडे कार्यकारिणीच्या सभेत वाचावेत. नवा हॉल बांधणाऱ्यांनी रंग आणि फरशी निवडण्याआधी हे आकडे मागावेत.

आपल्या पूर्वजांनी या बेटावर भाषा आणली तेव्हा त्यांच्यापाशी सभागृहे नव्हती. पेंढ्याच्या छपराखाली, ओसरीवर बसून ते बोलत आणि गात, आणि पेंढा आवाज परत फेकत नाही. आज आपल्यापाशी पक्की सभागृहे आहेत. त्यांत बोललेला मराठी शब्द शेवटच्या रांगेतील आजींना आणि त्यांच्या नातवाला स्पष्ट ऐकू जावा, एवढी व्यवस्था आपण केलीच पाहिजे.