दगडाचे कूळ

ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. आकाशातून पडलेल्या दगडाचे मात्र शोधलेच पाहिजे. २९ जून १८४३ रोजी खानदेशातील मानेगावी अशनी पडला. बहुतेक अश्म-अशनींत असणारे गोल कण त्यात नाहीत. पायरोक्सिन हेच मुख्य खनिज. म्हणून तो 'डायोजेनाइट' या दुर्मिळ वर्गात बसला. १९६९ साली जपानी संशोधकांना अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेल्या ९ अशनींतही याच कुळातला एक निघाला. हे दगड व्हेस्टा या लघुग्रहाच्या पोटातले असावेत, या मताला २०११ साली तेथे पोचलेल्या डॉन यानाने बळकटी दिली. वर्गीकरण म्हणजे नुसती चिठ्ठी डकवणे नव्हे, मित्रहो! बर्फावर काळा दगड उठून दिसतो. आपल्या काळ्या कातळात तो हरवतो. चऱ्होलीच्या माळावर वेगळा दगड दिसलाच, तर शेंदूर फासण्याआधी तो भूगर्भशास्त्रज्ञाला दाखवावा.