तात्पुरत्याचा पसारा

मुळा-मुठेच्या काठावरचे खराडी हे एकेकाळी शेतीवाडीचे गाव. आज तिथल्या आयटी पार्कमध्ये मध्यरात्रीही दिवे जळत असतात. अशाच एका शनिवारी रात्री, मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचा सर्व्हर ठप्प झाला. डिस्क शंभर टक्के भरली होती आणि डेटाबेसला एक ओळही लिहायला जागा उरली नव्हती.

कारण क्षुल्लक होते. अहवाल तयार करणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी एक तात्पुरती फाइल काढी. काम सुरळीत झाले तर ती पुसली जाई. मध्येच अडले तर तशीच राही. थेंबे थेंबे तळे साचले. रात्रपाळीच्या मुलाने घाईने सर्वांत मोठी फाइल पुसली, तरी जागा मोकळी होईना! युनिक्सच्या घराण्यात फाइलचे नाव पुसले तरी ती उघडून बसलेला प्रोग्राम हात सोडत नाही तोवर जागा परत मिळत नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाडे रुळावर आले.

सोमवारी खुलासा मागितला गेला तो त्या मुलाकडे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला कोणी विचारलेही नाही. ठराव काय झाला, तर मोठी डिस्क घ्यायची!

हे आपल्याकडेच घडते असे नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टोयोटाचे जपानमधील १४ कारखाने थांबले. देखभालीचे काम चालू असताना सर्व्हरवरची जागा अपुरी पडली होती. जोडीला ठेवलेला राखीव सर्व्हरही त्याच व्यवस्थेवर चालत असल्याने उपयोगी पडला नाही. २००४ च्या जानेवारीत मंगळावर उतरलेले नासाचे ‘स्पिरिट’ हे यान काही दिवसांतच बेजार झाले, कारण त्याच्या स्मृतीत फाइलींची गर्दी झाली होती. त्यांत प्रवासातल्या जुन्या फाइलीही होत्या. त्या पुसल्यावर यान सावरले आणि पुढे अनेक वर्षे चालले.

मग रोज रात्री झाडू फिरवला की झाले, असे कोणी म्हणेल. लिनक्समध्ये तशी सोय आहेच. सिस्टम-डीच्या मूळ मांडणीत ‘टेम्प’मधील जुन्या फाइली दहा दिवसांनी निघतात. परंतु प्रोग्रामने आपला कचरा भलत्याच कोपऱ्यात टाकला तर हा झाडू तिथवर पोचत नाही. आणि सरसकट झाडलोट करावी, तर एकाची तात्पुरती फाइल म्हणजे दुसऱ्याचे अर्धवट राहिलेले काम असू शकते. कोणते खरकटे आणि कोणते ताट अजून वाढलेले, हे वाढणाऱ्यालाच ठाऊक!

गणेशोत्सवात मांडवासाठी रस्ता खणणाऱ्या मंडळानेच तो खड्डा बुजवावा, अशी आपली अपेक्षा असते. तोच न्याय इथे का नको? काम फसले तरी फाइल पुसली जाईल, अशी तजवीज ती निर्माण करणाऱ्यानेच केली पाहिजे आणि त्यासाठी लागणारे दोन दिवस व्यवस्थापनाने वेळापत्रकात धरले पाहिजेत. डिस्क ऐंशी टक्के भरताच इशारा मिळावा, तोही प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच.

मोठी डिस्क घेणे म्हणजे मोठी कचराकुंडी आणणे. तीही भरणारच, आणि ती भरेल त्या रात्री पाळीवर पुन्हा कोणातरी नवख्या मुलाचीच नेमणूक असेल.