बाई कोणाच्या पटावर?

तुर्भ्याच्या वस्तीतल्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : "ताई, आम्ही कंपनीच्या की ठेकेदाराच्या?" ठाणे-बेलापूर पट्ट्यात पॅकिंग, साफसफाई करणाऱ्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं एकाच गेटातून आत जातात, तरी उत्तर मिळत नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ म्हणतं, संचालकांनी भागधारकांबरोबर कर्मचाऱ्यांचंही हित पाहावं. वाचायला छान! पण ठेकेदाराच्या हजेरीपटावरची बाई कंपनीच्या लेखी कर्मचारीच नसते. त्याच कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यातून एका कंपनीनं आमच्या वस्तीत शिलाई मशिनं वाटली. फोटोत उभी असलेली एकजण त्यांच्याच कारखान्यात पॅकिंगला होती, तान्हं बाळ थोरल्या मुलीवर सोपवून. मुलीची शाळा सुटली ती त्यापायीच. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, हे २०१७ साली कायद्यात आलं. तिथं नव्हतं.

जोखीम भागधारक घेतो, असं मालकमंडळी सांगतात. पण त्याला शेअर विकून मोकळं होता येतं. कारखाना बंद पडला तर हिनं काय विकायचं?

मशिनं जरूर द्या. त्याआधी हिचं नाव कंपनीच्या पटावर घ्या आणि पाळणाघर उघडा.