घाटातले ओस स्टेशन

आगगाडीचा इतिहास म्हटला, की आपण १८५३ च्या बोरीबंदरचे गोडवे गाऊन मोकळे होतो! बोरघाटातले, खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन कोणाच्या ध्यानात आहे? १८६३ पासून तेथे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडीत आणि गाडी उलट दिशेने घाट चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला. स्टेशन ओस पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, मग त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम चालविले, हे पुस्तकांत सापडते. पण १८६१ साली घाटात राबणारे ४०,००० हून अधिक मजूर? पटकीने मेलेले? त्यांची नावे कोठे आहेत? तेथे पाटी लावायचीच, तर पहिली ओळ त्यांची हवी. आमच्या घनसावंगीकडची नवरा-बायको ऊसतोडीला जातात, तेव्हा दोघांची मोजणी आजही ‘एक कोयता’ अशीच होते.