नीतीचे धडे कोणाला?

साथींनो,
कामगार प्रामाणिक राहिला तर देश सुधारेल, असा उपदेश आपल्याला नेहमी केला जातो. आम्ही विचारतो, मालकांचे काय? कोलकात्याच्या शारदा समूहाने शारदामातेचे नाव लावून, जादा व्याजाचे गाजर दाखवून लाखो गरिबांच्या ठेवी गोळा केल्या. एप्रिल २०१३ मध्ये डोलारा कोसळला. राज्य सरकारने ५०० कोटींचा मदतनिधी जाहीर केला आणि त्यासाठी सिगारेटवर जादा कर लावला. चोरी मालकाची, भरपाई जनतेची!

पोस्टात व्याज बेताचे, पण ठेव सुरक्षित. कारण तेथे सरकारची हमी आणि कारकुनाची सचोटी दोन्ही आहेत. नीती हवीच. पण ती वरपासून हवी आणि तिच्यामागे कायद्याचा बडगा हवा. आपण आपली सचोटी सोडणार नाही; म्हणूनच त्यांना जाब विचारण्याचा हक्कही सोडणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!