आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

हल्लीची पोरे बिघडली, शाळेत शील म्हणून काही शिकवीतच नाहीत, अशी ओरड बारामती-इंदापूरच्या बाजारात आणि गावोगावच्या पारावर नित्य ऐकू येते. ओरडणारे बहुधा आमचेच शेतकरी व कारागीर बंधू असतात. त्यांच्या कळकळीविषयी आम्हांस शंका नाही; पण सारा दोष शाळेच्या माथी मारून कोणाचीच सुटका व्हायची नाही.

26 जानेवारी 2020 पासून राज्यातील शाळांत परिपाठाच्या वेळी संविधानाची उद्देशिका वाचली जाते. न्याय, समता, बंधुता हे शब्द नववी-दहावीच्या पोराला तोंडपाठ असतात. तोच पोरगा रात्री बापाबरोबर दारे धरावयास जातो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या दोन्ही तालुक्यांना मिळते. चारीच्या टोकाला आधी पाणी, वरच्याला मागून, असा शेजपाळीचा नियम आहे. पण बाप अंधारात वरच्या अंगाला चारी फोडतो, पोरगा बॅटरी धरतो, आणि खाली टोकाच्या गरिबाचे पीक वाळते. सकाळी त्या पोराने बंधुता म्हटली काय आणि न म्हटली काय, सारखेच! त्याचा खरा धडा रात्रीच झाला.

परीक्षेचीही तीच गत. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध राज्याने 1982 साली कायदा केला. तरी दहावीच्या केंद्राबाहेर भिंतीवर चढून चिठ्ठी फेकणारे कोण असतात? कोणाचा भाऊ, कोणाचा मामा, कोणाचा चुलता! असा पास झालेला गडी उद्या सरकारी खुर्चीवर बसून तुमच्याच सातबाऱ्यासाठी पैसे मागू लागला, तर बंधूंनो, बोल कोणास लावाल?

शील कसे घडते हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखवून दिले आहे. त्यांनी 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे अठरापगड जातींची मुले, अस्पृश्य मानलेली सुद्धा, एकत्र राहत, एका पंगतीस जेवत, आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे आपल्या हातांनी करीत. समता त्यांनी नुसती घोकली नाही. ती रोज ताटाशी बसून अंगी बाणवली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हायस्कुलात झाडलोट, पाण्याची टाकी व बाग यांची पाळी मुलगा-मुलगी किंवा जात न पाहता सर्वांस लागावी. पुष्कळ ठिकाणी झाडू मुलींच्याच हाती दिसतो, तो प्रकार बंद व्हावा. वर्गाचा प्रतिनिधी गुप्त मतदानाने निवडावा. सहलीचा व स्नेहसंमेलनाचा जमाखर्च मुलांनीच लिहावा आणि सर्वांस दिसेल असा फळ्यावर लावावा. ज्याने चौदाव्या वर्षी वर्गाचा हिशेब मागितला, तो मोठेपणी ग्रामपंचायतीचा व सोसायटीचा हिशेब मागावयास कचरणार नाही.

एवढे शाळेने करावे. घराने तीन गोष्टी कराव्या: पाण्याची पाळी मोडू नये, परीक्षेत चिठ्ठी पोचवू नये, आणि निवडणुकीत नोट घेऊन मत देऊ नये. यांस फी पडत नाही, की क्लास लावावा लागत नाही. येत्या पाळीला आपला पोरगा शेजारी उभा असेल, तेव्हा टोकाच्या शेतकऱ्याचे पाणी खाली जाऊ द्या. त्याच्या नागरिकशास्त्राचा आरंभ तेथूनच होईल.