नदीचे आंकडे व आपला उंबरठा

पावसाळा लागला म्हणजे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या कानीं नदीचे आंकडे पडूं लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली म्हणजे इशारा व ४३ फुटांवर गेली म्हणजे धोका. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे हेच आंकडे ४० व ४५ होत. परंतु त्यांवरून आपल्या गोठ्यांत पाणी केव्हां शिरेल, हें किती जणांस सांगतां येईल? आमच्या मतें फारच थोड्यांस.

पूर सर्वांस सारखा येत नाहीं. एकाच गल्लींतील दोन घरांच्या जोत्यांत दोन हातांचा फरक असतो. एकाचें धान्य भिजतें, दुसऱ्याचें वांचतें. नदीचा आंकडा मात्र सर्वांस एकच मिळतो. मग जो तो "येथवर पाणी कधीं आलें नाहीं" या वडिलांच्या वचनावर विसंबतो. २००५, २०१९ व २०२१ सालच्या महापुरांनीं त्या वचनाचा आधार काढून घेतला आहे. ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट २०१९ रोजीं लोकांस बाहेर काढणारी नाव उलटून अनेक जीव गेले. भर पुरांत नावेंत बसण्याची पाळी कोणावरहि येऊं नये; कोरड्या रस्त्यानें वेळींच निघतां यावें. त्यासाठीं आपल्या घराची वेळ आधीं कळली पाहिजे.

"शंभर वर्षांचा पूर" या शब्दानेंहि घोटाळा होतो. तो शंभर वर्षांतून एकदांच येतो असें नव्हे; दरवर्षीं त्याचा संभव शेंकडा एक असतो. तीस वर्षांत तो एकदां तरी येण्याचा संभव सुमारें शेंकडा २६, म्हणजे चारांत एक, इतका पडतो. घर तर तीस वर्षांहून अधिक टिकावें म्हणूनच आपण बांधतों!

अमेरिकेंत घराचा पत्ता घालून पुराचा सरकारी नकाशा पाहतां येतो. आपल्या गांवाचा नकाशाहि मोबाइलवर उघडून, पाणी एकेक फूट चढवून, तें कोणत्या फुटास आपल्या दारीं येतें हें पाहण्याची सोय करणें आतां अशक्य नाहीं. मात्र त्यास उंबरठ्याउंबरठ्याची नेमकी उंची लागते, आणि तें काम गांवानेंच केलें पाहिजे. भिंतींवरील पुराच्या खुणा रंगानें पक्क्या कराव्या. गवंडी पाण्याच्या नळीनें पातळी काढतो, तशी खुणेपासून प्रत्येक घराची, गोठ्याची व मोटरीची पातळी काढावी. आणि त्या पुरांत नदीचा आंकडा किती होता, तो शेजारीं लिहावा. नदीस उतार असतो, संगमाजवळ फुगवटा असतो; म्हणून एका गांवाचा हिशेब दुसऱ्यास लागू पडत नाहीं. शिवाय दोन पूर सारखे नसतात. सबब हातभर पाणी जास्तच धरावें.

कोणी म्हणतील, अशानें घरजागेची किंमत उतरेल. उतरेलहि. परंतु नकाशा फाडला म्हणून पाणी वाट चुकत नाहीं. आणि धोका लपवून विकलेली जागा आपल्याच एखाद्या बांधवाच्या गळ्यांत पडते.

तरी गांवोगांवच्या सभासदांनीं हें काम पुढील मृगापूर्वीं हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.